अख्खी वेणी

पाहुणा बाराला यायचा होता, आणि आत्या सकाळी सातपासून निवडखोलीत जाऊन बसली होती. निवडायला तसं काही नव्हतं. जाळीच्या टेबलावर कालचीच लोकर पडलेली, तीही आखूड धाग्याची, हात लावावासा वाटू नये अशी. पण घरात थांबलं की कुणी ना कुणी येऊन शेजारी टेकायचं आणि आवाज खाली करून विचारायचं, "आत्या, तुला काय वाटतं?" एकोणसत्तर वर्षांत तिला काय वाटतं याची जेवढी चौकशी झाली नव्हती, तेवढी या आठ दिवसांत झाली. कारण उघड होतं. गिरणीची जागा वडलांनी तिच्या आणि तिच्या मोठ्या भावाच्या, दादाच्या, नावावर ठेवली होती, आणि तिच्या सहीशिवाय कुणाचंच घोडं पुढे सरकणार नव्हतं.

खिंडीतलं फाटक उघडून नऊ दिवस झाले होते. एकेचाळीस वर्षं दोन्ही देशांनी त्या फाटकाला आपापल्या बाजूने कुलपं घातली होती, जणू एकमेकांच्या कुलपावरही भरवसा नव्हता. पहिल्या दिवशी मंत्र्यांनी फीत कापली, दुसऱ्या दिवशी सिमेंटचे ट्रक सुटले, आणि तिसऱ्या दिवशी जमिनीचे दलाल गिरणीच्या दारात येऊन उभे राहिले.

"इथे काय करतेस एकटी?" थोरला दारातून म्हणाला. दादाचा हा मोठा मुलगा, गिरणी आता तोच चालवायचा.

"माश्या मारतेय. ये, बस."

तो बसला नाही. टेबलाच्या जाळीवरून बोट फिरवत उभा राहिला. "आत्या, मी आडवळणाने बोलत नाही. जागा घेणाऱ्या गोदामवाल्यांना आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय. बाबा सही करतील की नाही माहीत नाही, पण तू केलीस तर ते फार ताणणार नाहीत."

"आणि पाहुणा?"

"पाहुण्याला जेवू घालू, गोड बोलू, पोचवून येऊ. धाकटीने पलीकडून बोलावलंय, तिचा मान राखायला हवा." त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "फाटक उघडलं म्हणून जागेला भाव आलाय गं. लोकरीला नाही. तुझ्या काळात इथे एकशे चाळीस माणसं होती. आज तेवीस आहेत. मी त्यांना दर महिन्याला तोंड कसं दाखवतो ते माझं मला माहीत."

"तेवीस जणांचं काय होईल?"

"गोदामात कामं मिळतील. तसं लिहून घेतलंय मी."

"आणि पारख्याचं? गोदामात पारख्याला काय काम?"

थोरल्याने जाळीवरून बोट उचललं. मग खरं ते बोलला. "खोक्यांवरच्या पाट्या वाचायच्या."

आत्याला त्याचा राग आला नाही. फाटक बंद झालं त्याच महिन्यात हा जन्मला. चढती गिरणी त्याने पाहिलीच नव्हती. तो शाळेत जायला लागला तेव्हा मागांची एक रांग बंद झाली, कॉलेजात गेला तेव्हा दुसरी, आणि तो खुर्चीवर बसला तेव्हा उरलेल्या मागांवर कृत्रिम धागा मिसळलेली कांबळी विणली जात होती. ज्याने घसरणच पाहिली, त्याने उतरून पळायचं ठरवलं तर त्याला काय बोल लावणार?

"संध्याकाळी सांगते," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिने उठून भिंतीतलं कपाट उघडलं. त्यात लहान लहान खणांच्या ओळी होत्या, आणि प्रत्येक खणात कच्च्या लोकरीची अर्धी वेणी होती. पिवळट पांढरी, बोटाएवढ्या जाडीची, एका टोकाला गाठ आणि दुसऱ्या टोकाला सरळ काप. कपाट उघडलं की अजून तो वास यायचा, मेंढीचा, पावसाळी गवताचा आणि धुराचा. तो वास आला की तिला सगळं दिसायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी खिंडीतून उतरणारे ट्रक. उत्तरेच्या उजेडात ओळीने बसलेल्या अकरा बायका, सगळ्यांचे हात लोकरीच्या मेणाने मऊ झालेले. त्या थट्टेने म्हणायच्या की आपण लग्नाच्या बाजारात नुसते हात दाखवावेत, तोंडं झाकून. आणि सगळ्यांत पुढे अठ्ठावीस वर्षांची ती, डोळे मिटून धागा ओढणारी. तिला कुणी नावाने हाक मारत नसे. पारखीबाई म्हणत.

रीत अशी होती. पलीकडे जी बाई गासडी भरायची ती तिच्या पोटात त्याच लोकरीची एक वेणी घालून ठेवायची. इकडच्या पारख्याने ती वेणी शोधायची, धागा बघायचा, आणि माल पटला तर वेणी मधोमध कापायची. अर्धी कपाटात, अर्धी ड्रायव्हरच्या हाती परत. कागद, शिक्के सगळं नंतर. पलीकडे अर्धी पोचली की तिकडची माणसं पुढची गासडी भरायला घ्यायची. आणि माल नापसंत असेल तर वेणी अख्खी परत जायची. त्याचा अर्थ, हा माल नको, पुढचाही पाठवू नका. पन्नास वर्षांत अख्खी वेणी दोनदाच परत गेली होती, असं घरात सगळे सांगायचे.

तीनदा गेली होती. ते फक्त आत्याला माहीत होतं.

एकेचाळीस वर्षांपूर्वी, त्या शेवटच्या दिवशी, बाराला फाटक बंद होणार असल्याची बातमी सकाळी साडेसातला आली. ड्रायव्हर अंगणात भोंगा वाजवत उभा होता, त्याचं घर पलीकडे होतं. शेवटच्या गासडीतली वेणी आत्याच्या हातात होती. लोकर एवढी सुरेख की तिने दोनदा ओढून पाहिली होती. आणि कात्री जागेवर नव्हती. तिने टेबलाखाली पाहिलं, पेटीत पाहिलं, इकडे भोंगा थांबेना. "बाई, मी चाललो!" ड्रायव्हर ओरडला, आणि ती धावत गेली आणि हातातली वेणी तशीच त्याच्या पिशवीत कोंबली. काहीतरी गेलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. धूळ खाली बसल्यावर तिला कळलं की काय गेलं.

हे एक वेळ चालण्यासारखं होतं. घाई होती, लोक समजून घेतात. पण सात वर्षांनी टपाल सुरू झालं, आठ महिने चाललं. धंद्याचं काही लिहायला बंदी होती, फक्त खुशाली. दादाने पलीकडच्या मालकांना दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. दादाचा संताप संताप झाला, "दोन पिढ्यांचा घरोबा आणि दोन ओळी लिहवत नाहीत?" त्या आठ महिन्यांत आत्या रोज कागद घेऊन बसायची आणि रोज कागद तसाच ठेवायची. तिचं लग्न झालं नव्हतं, शिक्षण बेताचं, या घरात तिची जागा होती ती तिच्या बोटांवर. पारखीबाई चुकत नाही, हे सगळ्यांना पाठ होतं. ते एक वाक्य हातचं गेलं असतं तर तिच्याजवळ काय उरलं असतं? मग टपालही बंद झालं, आणि ती तोंडात मिठाची गुळणी धरून बसली ती आजपर्यंत.

"सापडलीस!" धाकटी आत आली. दादाची ही मुलगी मालवाहतुकीच्या कंपनीत नोकरीला होती, आणि घरातल्या आवाजाच्या दुप्पट आवाजात बोलायची. "भाऊरायांनी पटवलं का तुला?"

"तू पण पटवायलाच आली असशील."

"मी फक्त एक सांगायला आलेय." तिने कागद पुढे धरला. "आपल्याला चांगली लोकर येते ती कुठून? बंदरातून, तिसऱ्या देशाचा शिक्का मारून. बावन्न दिवस, दोन जहाजं, तीन दलाल. मी तिच्या मागावर गेले. आत्या, ती पलीकडचीच आहे! खिंडीच्या त्या बाजूची! चार तासांवरून निघते आणि जगाला वळसा घालून आपल्या दारात येते, तिप्पट भावाची होऊन."

"माहीत आहे."

धाकटीचा हात हवेतच राहिला. "काय माहीत आहे?"

"पहिली गासडी उघडली तेव्हाच कळलं. अशी कुरळी लोकर दुसरीकडे कुठे येते? शिक्का बदलला म्हणून मेंढी बदलत नाही."

"मग बाबांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर त्याने घेतली नसती."

धाकटी हसली, मग एकदम गंभीर झाली. "आज तेच होणार आहे. बाबा म्हणतात, आधी त्यांनी माफी मागावी. एकेचाळीस वर्षांच्या मुकेपणाची. मग लोकरीचं बोलू, नाहीतर जागा विकून मोकळे होऊ. तू त्यांना समजाव ना. तुझं ऐकतात."

आत्याने कपाट लावून घेतलं. शेवटच्या ओळीतला शेवटचा खण रिकामा होता, तो कुणाच्या कधी लक्षात आला नव्हता.

बाराला पाच कमी असताना एक छोटी बंद गाडी अंगणात शिरली, बरोबर जुने ट्रक जिथे उभे राहायचे तिथेच. उतरला तो अडतिशीचा, रुंद कपाळाचा माणूस. त्याने गाडीतून गोणपाटात शिवलेली उशीएवढी गासडी काढली आणि काखेत मारली. पलीकडच्या मालकांचा हा नातू धाकटीला एका व्यापारी प्रदर्शनात भेटला होता, नऊ तास विमानाने गेल्यावर. खिंडीच्या दोन्ही बाजूंची बोली एकच, फक्त त्यांचे सूर जरा लांबट. दोघं एकमेकांना गावं सांगत बसली आणि मग बराच वेळ हसत बसली.

वहिनीने जेवणाचं टेबल मांडलं होतं. दादाने टेबलाच्या टोकाची खुर्ची घेतली होती आणि पंचाहत्तराव्या वर्षी माणूस जेवढा ताठ बसू शकेल तेवढा ताठ बसला होता.

"रस्ता कसा होता?" त्याने विचारलं.

"खराब. एकेचाळीस वर्षं कुणी खड्डे बुजवले नाहीत."

"आमच्या बाजूचेही नाहीत," थोरला म्हणाला, आणि दोघांनी एकमेकांकडे जरा आपुलकीने पाहिलं. खड्ड्यांवर सगळ्या देशांचं एकमत होतं.

जेवता जेवता पाहुण्याची नजर सारखी खिडकीच्या कट्ट्यावर जात होती. तिथे घडी केलेलं कांबळं होतं. शेवटी त्याने विचारलं, "हात लावू?" त्याने उठून कांबळ्याचा काठ उलटा केला, आणि मान हलवली. "दुहेरी. आई म्हणायचीच."

"काय म्हणायची?" वहिनीने विचारलं.

"आमच्याकडे बंदरातून कांबळी यायची. वर लेबल भलत्याच देशाचं. आई पहिल्यांदा ते लेबल उसवायची, मग काठ बघायची. 'हा काठ एकाच गिरणीत घालतात,' म्हणायची. मी लहानपणी त्यातच गुंडाळलेला असायचो."

"अगंबाई," वहिनी म्हणाली, "म्हणजे आमचं कांबळं समुद्र फिरून तुमच्या पाळण्यात!"

दादाच्या ओठाचा कोपरा हलला, पण त्याने तो आवरला. थोरल्याने मात्र चमचा खाली ठेवला. "आम्ही ती बंदरावरच्या व्यापाऱ्याला देतो. पुढे कुठे जातात ते कधी विचारलंच नाही. तुमच्याकडे खपतात?"

"सात महिने थंडी असते. हा काठ उसवत नाही म्हणून लोक हेच मागतात. मिळत नाही एवढंच." पाहुणा पुढे झुकला. "आमच्याकडे कळप आहेत, पण विणणारे हात गेले. सगळे शहरात. तुमच्याकडे माग आहेत आणि त्यांवर घालायला धड धागा नाही. तुम्ही लोकर घ्या, आम्ही कांबळी घेतो. मी काही परोपकार करायला आलेलो नाही. मला याची गरज आहे."

"तुमच्या बाजूची यंत्रावरची स्वस्त कांबळीही येतील इकडे," थोरला म्हणाला.

"येतील. आणि तुमचं स्वस्त सिमेंट आमच्याकडे आलंच आहे. माझा मेहुणा भट्टी बंद करायच्या बेतात आहे, मला रोज शिव्या देतो." तो खोटं बोलला नाही, हे थोरल्याला आवडलेलं दिसलं. त्याने खिशातला पेन काढला आणि कागदाच्या मागे काहीतरी मांडायला घेतलं. गोदामवाल्यांचाच कागद होता तो. धाकटीने आत्याला टेबलाखालून पाय लावला.

आणि तेव्हा दादा खाकरला.

"व्यवहाराचं ही मुलं बोलतील," तो म्हणाला. "मला एकच विचारायचंय. मी तुमच्या आजोबांना दोन पत्रं लिहिली होती. पोचली?"

पाहुण्याने घास ठेवला. "पोचली. अजून आहेत. आजोबांनी जपून ठेवली होती."

"जपून ठेवली." दादाने तो शब्द चावला. "उत्तर दिलं नाही, पण जपली. माझे वडील आणि तुमचे पणजोबा एका ताटात जेवले आहेत. सरकारं भांडली, आपण नाही. मी काय मागितलं होतं? तब्येत कशी आहे, एवढंच. एकेचाळीस वर्षं झाली. मी रोज... जाऊ दे. त्या घरातून कुणीतरी त्याची माफी मागावी. मग तुमची लोकर या दारातून आत येईल."

"बाबा," धाकटी म्हणाली.

"तू गप्प बस."

पाहुणा काहीतरी बोलणार होता. त्याने तोंड उघडलं, आत्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटलं. त्याच्याजवळ काय उत्तर होतं ते आत्याला कळलं, आणि तो ते सभ्यपणाने गिळतोय हेही कळलं. मग तो सावकाश उठून उभा राहिला, हात पुसले, आणि म्हणाला, "ठीक आहे. आजोबा नाहीत आता. त्यांच्या वतीने मी माफी माग..."

"बसा," आत्या म्हणाली.

तिचा आवाज एवढा मोठा येईल असं तिलाही वाटलं नव्हतं. "तुम्ही खाली बसा. तुमच्याकडून माफी निघत नाही. आमच्याकडून निघते. माझ्याकडून."

"तू काय बोलतेस?" दादा म्हणाला.

"शेवटच्या गासडीची वेणी मी अख्खी पाठवली, दादा."

तिने सांगून टाकलं. भोंगा, पिशवी, धूळ. सात वर्षांनंतरचे ते आठ महिने, आणि रोज तसाच राहिलेला कागद. सांगताना तिने कुणाकडे पाहिलं नाही, टेबलाच्या कापडाची शिवण बोटाने चाचपत राहिली. कात्री का सापडली नाही, ते मात्र तिने सांगितलं नाही. "सापडली नाही," एवढंच म्हणाली.

"कशी सापडेल?" वहिनी म्हणाली. "माझ्याकडे होती."

"वहिनी, राहू दे."

"का राहू दे? वन्सं, एकेचाळीस वर्षं तुम्ही मला झाकत आलात ते काय मला कळत नाही?" वहिनी नवऱ्याकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीचाच, जरा खणखणीत. "या थोरल्यासाठी दुपटी कापत होते मी. दिवस भरले होते माझे. वन्संची कात्री चांगली चालते म्हणून न विचारता उचलली. परत ठेवायला गेले तर या अंगणात उभ्या, तोंड पांढरं फटक. मी काही विचारलं नाही, यांनी काही सांगितलं नाही. पण मला समजलं."

थोरल्याने आईकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. "म्हणजे माझ्या दुपट्यामुळे?" तो म्हणाला. कुणी हसलं नाही.

दादा पाहुण्याकडे वळला होता. "तुमच्याकडे काय झालं? खरं सांगा. मला वाईट वाटेल म्हणून काही वगळू नका."

पाहुण्याला अवघड झालं. "आजोबांनी ती वेणी गोदामाच्या दाराला खिळा मारून टांगली," तो म्हणाला. "फाटक सरकारने बंद केलं, पण माल यांनी नाकारला, असं म्हणायचे. तुमची पत्रं आली तेव्हा म्हणाले, वेणी अख्खी पाठवतात आणि वर खुशाली विचारतात. ती गासडी आईने भरली होती. चोवीस वर्षांची होती ती तेव्हा. सगळ्यांना वाटलं, तिचाच हात चुकला. तिलाही तसंच वाटलं. तिने पुन्हा गासडी भरली नाही. रोज त्या वेणीखालून ये-जा करायची. आजोबा गेले त्या वर्षी तिने ती स्वतः खाली काढली."

आत्याला वाटलं, आपल्याला आता काही ऐकू येणार नाही. एवढी वर्षं ती आपल्या नावाला जपत होती. ते नाव दुसऱ्या एका बाईच्या नावावर उभं होतं, हे तिच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. पलीकडे कुणीतरी वेणी घालतं, त्या कुणीतरीलाही बोटं असतात, एवढा साधा विचार तिने केला नव्हता.

दादा उठला. "एकेचाळीस वर्षं मी त्या म्हाताऱ्याला शिव्या घातल्या," तो बहिणीला म्हणाला. "जेवताना घातल्या. पोरांच्या लग्नात घातल्या. तू समोर बसून ऐकत होतीस."

"हो."

"एकदासुद्धा..."

"धीर झाला नाही, दादा."

तो बाहेर गेला. गिरणीकडचं दार आपटल्याचं ऐकू आलं. थोरला उठू लागला, तर वहिनीने त्याचा हात धरून खाली बसवला. "त्यांना जाऊ दे. राग आला की ते माग मोजून येतात." धाकटी रडत होती, आणि आपण रडतोय याचा तिला रागही येत होता. पाहुणा आपल्या गासडीवर हात ठेवून बसला होता, जणू हे सगळं आपण इथे घेऊन आलो अशा चेहऱ्याने.

दादा परत आला तेव्हा त्याला धाप लागली होती. त्याच्या हातात निवडखोलीतली कात्री होती, काळ्या मुठीची, जुनीच. ती त्याने बहिणीपुढे ठेवली.

"गासडी खोल," तो म्हणाला. "बघ. आणि खरं सांग. बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

पाहुण्याने गासडी पुढे सरकवली. "मी शिवण उसवलेली नाही," तो म्हणाला. "आईनेच भरून दिलीय. आत वेणी आहे की नाही, मलाही माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही."

आत्याने गोणपाटाचा टाका कापला, आणि तो वास सगळ्या खोलीभर झाला. दादाने डोळे मिटले. थोरला आयुष्यात पहिल्यांदा तो वास एवढा जवळून घेत होता. त्याने हात पुढे करून चिमूटभर लोकर घेतली आणि परत ठेवलीच नाही. आत्याने हात कोपरापर्यंत आत घातला. बोटं लोकरीत शिरली. त्यांना आपलं काम आठवलं. तळाशी, मधोमध, जिथे असायला हवी तिथेच, वेणी होती.

तिने ती बाहेर काढली आणि खिडकीजवळ गेली. एक धागा सोडवून ओढला. डोळे मिटून दुसरा ओढला. मग वेणीवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत फिरवला.

"लोकर एक नंबर आहे," ती म्हणाली. "त्या दिवशीची होती तशीच. पण वेणी सैल आहे. तिसऱ्या पेडाला ताण नाही. हाताची सवय मोडलीय तिच्या."

पाहुणा हसायला लागला, आणि हसता हसता त्याने चेहरा दोन्ही हातांनी झाकला. "हे तिला कोण सांगणार?" तो म्हणाला.

"मीच सांगते."

तिने वेणी टेबलावर आडवी धरली आणि मधोमध कापली. कात्रीला धार लावायला हवी होती, दोनदा दाबावं लागलं. अर्धी तिने दादाच्या हातात दिली. अर्धी रुमालात गुंडाळली, पण पाहुण्याला दिली नाही. आपल्याच मुठीत धरली.

"गाडीत जागा आहे का?" तिने विचारलं.

"आत्ता?" धाकटी म्हणाली.

"ड्रायव्हरच्या हाती एकदा पाठवून पाहिली आहे," आत्या म्हणाली.

थोरल्याने गोदामवाल्यांच्या कागदाची घडी केली, खिशात घातली, आणि गाडीच्या किल्ल्या शोधायला लागला. पाहुण्याच्या गाडीत मागची जागा गोण्यांनी भरली होती, तेव्हा तो आपल्या गाडीने मागून येणार होता. माग बघायला माणसं यायची तर रस्ता बघून ठेवायला हवा, असं काहीतरी तो पुटपुटला. दादा अर्धी वेणी नाकाशी धरून खिडकीत उभा होता, आणि त्याच्याशी आत्ता कुणी बोलू नये हे सगळ्यांना कळत होतं.

वहिनी कांबळं घेऊन अंगणापर्यंत आली. ते तिने आत्याच्या मांडीवर पसरलं आणि काठ वर येईल असा फिरवला.

"हे तिला द्या," ती म्हणाली. "आणि म्हणावं, लेबल उसवायला नको. यावर नाहीच."

"कात्री टेबलावर राहिलीय," आत्या म्हणाली.

"राहू द्या," वहिनी म्हणाली. "तुम्ही येईपर्यंत मी तिला हात लावत नाही."